बिअरच्या भट्टीतून प्रयोगशाळेकडे

परदेशी लागर बिअरची बाटली उघडून तिची पारख करणारा जाणकार आधी डोळ्यांनी पाहतो, मग नाकाने जोखतो आणि शेवटी जिभेवर घेतो. सोनेरी, नितळ रंग, वर टिकून राहणारा पांढरा फेस, भाजलेल्या जवाची मंद गोडी आणि तिला तोलून धरणारा हॉप्सचा कडवटपणा या तिच्या कसोट्या. मात्र सर्वांत मोठी कसोटी पहिल्या बाटलीत नव्हे, दहाव्या बाटलीत लागते. पहिलीची चव दहावीतही तशीच उतरली पाहिजे. आज ही गोष्ट गृहीत धरली जाते. दीडशे वर्षांपूर्वी ती निव्वळ नशिबावर अवलंबून होती. हे नशीब शास्त्राच्या स्वाधीन करण्यासाठी ज्यांनी आपली संपत्ती वेचली, ते डेन्मार्कचे याकोब क्रिस्तियान याकोबसेन.

याकोबसेन यांचा जन्म 2 सप्टेंबर 1811 रोजी कोपनहेगन येथे झाला. वडील क्रिस्टन हे जटलंडच्या शेतकरी कुटुंबातून राजधानीत आलेले आणि स्वकष्टाने ब्रुअर झालेले. याकोबसेन यांना विद्यापीठाची पदवी मिळाली नाही. परंतु विद्युतचुंबकत्वाचा शोध लावणारे हान्स क्रिस्तियान ओर्स्टेड यांची व्याख्याने त्यांनी श्रद्धेने ऐकली. निसर्गाचे नियम समजले तर धंदाही सुधारतो, हा विश्वास त्यांच्या मनात तिथे रुजला. 1835 मध्ये वडील वारले आणि चोविसाव्या वर्षी भट्टीचा भार त्यांच्यावर पडला.

त्या काळी डेन्मार्कमधील बिअर उबदार हवेत झटपट आंबवली जाई. ती लवकर आंबट होई आणि एका पिंपाची चव दुसऱ्याला नसे. बव्हेरियात मात्र थंड तळघरात, तळाशी बसणाऱ्या यीस्टने सावकाश आंबवून महिनोन्‌महिने साठवलेली बिअर तयार होत होती. ‘लागर’ या जर्मन शब्दाचा अर्थच साठवण. 1845 मध्ये याकोबसेन म्युनिकला गेले आणि स्पाटेन ब्रुअरीचे गाब्रिएल झेडलमायर यांच्याकडून त्यांनी ते यीस्ट मिळवले. परतीचा प्रवास घोडागाडीचा आणि शेकडो मैलांचा. प्रत्येक थांब्यावर उतरून ते यीस्टच्या भांड्यांवर गार पाणी ओतत राहिले, असे सांगितले जाते. ते जिवंत पोहोचले.

थंड तळघरांसाठी शहराबाहेर वाल्बीची टेकडी त्यांनी निवडली. 1847 मध्ये तिथे नवी ब्रुअरी उभी राहिली. पाच वर्षांच्या मुलाचे नाव कार्ल आणि टेकडीसाठी ‘बर्ग’. त्यातून कार्ल्सबर्ग हे नाव झाले. 1868 मध्ये तिची बिअर स्कॉटलंडला रवाना झाली आणि निर्यातीचा मार्ग खुला झाला.

नफा वाढला, तसे याकोबसेन यांचे लक्ष नफ्याच्या पलीकडे गेले. 1875 मध्ये त्यांनी कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी तिच्या पालनासाठी कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान निर्माण करून ते डॅनिश विज्ञान अकादमीच्या हाती सोपवले. प्रयोगशाळेत लागलेला कोणताही महत्त्वाचा शोध गुप्त ठेवायचा नाही, अशी अट त्यांनी घातली. व्यापाऱ्याने स्वतःवर घालून घेतलेले हे बंधन जगावेगळेच होते.

त्याची कसोटी लवकरच लागली. 1883 मध्ये खुद्द कार्ल्सबर्गची बिअर बिघडू लागली. प्रयोगशाळेतील एमिल क्रिस्तियान हान्सेन यांनी दोष शोधला: यीस्टमध्ये रानटी यीस्ट मिसळले होते. एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची पद्धत त्यांनी सिद्ध केली. याकोबसेन यांना सुरुवातीला शंका होती. परंतु प्रयोगाचा निकाल पाहून त्यांनी ती पद्धत आपल्या भट्टीत आणली. मग ज्यामुळे प्रतिस्पर्ध्यांवर मात करता आली असती, ते शुद्ध यीस्ट त्यांनी मागेल त्या ब्रुअरला दिले.

जगाला यीस्ट देणाऱ्या या माणसाला घरात मात्र सलोखा राखता आला नाही. कार्लला त्यांनी वेगळी भट्टी चालवायला दिली होती. कार्लने साठवणीचा काळ कमी करून उत्पादन वाढवले. वडिलांच्या दृष्टीने ती गुणवत्तेशी तडजोड होती, मुलाच्या दृष्टीने काळाची गरज. भांडण विकोपाला गेले. दोन ब्रुअऱ्यांमधल्या रस्त्याच्या नावावरूनही वाद झडला. कार्लने शेजारीच ‘नवे कार्ल्सबर्ग’ उभारले. ज्या मुलाचे नाव ब्रुअरीला दिले, त्याला डावलून याकोबसेन यांनी ती प्रतिष्ठानच्या नावे केली. 1886 मध्ये पितापुत्रांत दिलजमाई झाली. पण मृत्युपत्र बदलले नाही. 30 एप्रिल 1887 रोजी रोममध्ये याकोबसेन यांचे निधन झाले. पुढे कार्लनेही आपली ब्रुअरी त्याच प्रतिष्ठानला दिली आणि 1906 मध्ये दोन्ही ब्रुअऱ्या एक झाल्या. कोपनहेगनच्या किनाऱ्यावरची प्रसिद्ध जलपरी ही कार्लचीच देणगी.

या प्रयोगशाळेचे ऋण बिअर पिणाऱ्यांपुरते नाही. धान्यातील व दुधातील प्रथिने मोजण्याची पद्धत योहान केल्डाल यांनी 1883 मध्ये इथेच शोधली. 1909 मध्ये सोरेन सोरेनसेन यांनी आम्लता मोजण्याची पीएच ही पट्टी इथेच तयार केली. मराठीत तिलाच सामू म्हणतात. सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या मेढ्याच्या आसपास, वेण्णेच्या खोऱ्यातील एखादा माळकरी शेतकरी दारूच्या थेंबालाही शिवत नसेल; पण माती परीक्षणाच्या अहवालात सामूचा आकडा पाहून भातखाचरात चुना घालायचा की नाही हे तो ठरवतो, तेव्हा त्या बिअरच्या भट्टीत जन्मलेले ज्ञानच त्याच्या कामी येत असते.

दारूच्या धंद्यातील पैसा किती शुद्ध, हा प्रश्न उरतोच, आणि व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या घरांना त्याचे उत्तर ठाऊक आहे. याकोबसेन यांचे मोठेपण त्यांच्या पेयात नाही. हाती आलेले ज्ञान कुलूपबंद करून श्रीमंत होण्याची संधी असताना त्यांनी ते मोकळे केले, यात ते आहे.