राजाच्या गणवेशातला मराठी जनरल

भुसावळ जंक्शनवर पंजाब मेलची वाट पाहत तुम्ही कधी ना कधी उभे राहिलाच असाल. आज ती फिरोजपूरपर्यंत जाते. १९१२ मध्ये सुरू झाली तेव्हा ती थेट पेशावरपर्यंत जायची. विलायतेहून मुंबईच्या धक्क्यावर उतरलेले साहेब लोक ट्रंका, बंदुका, टोप्यांचे डबे घेऊन तिच्यात बसायचे आणि वायव्य सरहद्दीकडे रवाना व्हायचे. लष्करी अधिकारी म्हणजे गोरा, हे समीकरण तेव्हा इतकं पक्कं होतं की कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. हिंदी माणूस फार तर सुभेदार व्हायचा. वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या सुभेदारानं कालच आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटला सलाम ठोकायचा, अशी रीत.

१९२० नंतर त्या अधिकाऱ्यांमध्ये अधूनमधून एखादा सावळा चेहरा दिसू लागला. त्यातलाच एक कोल्हापूरकडचा. शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. जन्म १९०६ चा. तुमच्याच वयाचे असताना ते इंग्लंडात सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजात होते, आणि १९२६ मध्ये तिथून राजाचं कमिशन घेऊन बाहेर पडले.

हे किती अवघड होतं, ते जरा समजून घ्या. पहिल्या महायुद्धात लाखो हिंदी शिपाई लढले. त्याची परतफेड म्हणून १९१८ मध्ये सरकारनं सँडहर्स्टला वर्षाला दहा जागा हिंदी मुलांसाठी ठेवल्या. सगळ्या देशाला मिळून दहा! खर्च घरच्यांनी करायचा. परका देश, परकी भाषा, हाडं गोठवणारी थंडी. सुरुवातीच्या तुकड्यांतली कितीतरी पोरं मध्येच नापास होऊन परतली, आणि मग साहेब लोक म्हणायला मोकळे की बघा, हिंदी माणसाला अधिकारीपद झेपत नाही.

पास झालं तरी परीक्षा संपायची नाही. नव्या हिंदी अधिकाऱ्याला पहिलं वर्ष हिंदुस्थानातल्याच एखाद्या गोऱ्या पलटणीत काढावं लागे. तुमच्यापैकी जे एनसीसीत आहेत त्यांना परेडच्या आदल्या रात्रीची धांदल माहीतच आहे. बुटाला पॉलिश, बेल्टचं पितळ घासणं, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून खुर्चीवर बसायचंसुद्धा नाही. थोरातांच्या काळात हेच, पण दिवसातून चार वेळा. सकाळी खाकी शर्ट आणि हाफ पँट, पायाला पट्ट्या, कमरेला तपकिरी चामड्याचा सॅम ब्राऊन पट्टा आणि त्याचा खांद्यावरून आडवा जाणारा बंद, डोक्यावर सोला हॅट. समारंभाला तलवार. रात्री मेसमध्ये जेवायला पुन्हा वेगळा पोशाख. (इंग्रजांनी ‘खाकी’ आणि ‘पट्टी’ हे दोन्ही शब्द आपल्याकडूनच उचलले, हे जाता जाता.)

मेसचे नियम तर परेडपेक्षा कडक. कुणाच्या आधी बसायचं नाही, टेबलावर नोकरीचं, राजकारणाचं किंवा बायकांचं नाव काढायचं नाही, जेवण झालं की पोर्ट वाइनची सुरई डावीकडेच सरकवायची. मग सगळ्यांनी उभं राहून बादशहाच्या नावानं पेला उचलायचा. बाहेर सायमन कमिशनवर मोर्चे निघत होते, पुढे मिठाचा सत्याग्रह झाला, आणि आत हे. बरं, ज्या गोऱ्यांबरोबर रोज जेवायचं त्यांच्या कितीतरी क्लबांचं दार हिंदी माणसाला बंद. खांद्यावर बादशहाचं कमिशन असलं तरी बंद!

थोरातांना पंजाब रेजिमेंट मिळाली. १४ व्या पंजाब रेजिमेंटची पहिली पलटण. ती का मिळाली यातही एक गोम आहे. सरकारनं १९२३ मध्ये आठ पलटणी ठरवल्या आणि हिंदी अधिकारी फक्त त्यांतच जातील असा नियम केला. दिसायला प्रगती, पण मेख अशी की मग कुठल्याही गोऱ्याला हिंदी वरिष्ठाच्या हाताखाली काम करायची वेळच येणार नव्हती. शिवाय इतर पलटणींत जे काम सुभेदार-जमादार करत, तेच या पोरांना दिलं. पुढे १९३२ मध्ये डेहराडूनला अकादमी निघाली, तर तिथून बाहेर पडणाऱ्यांचा पगार सँडहर्स्टवाल्यांपेक्षा कमी ठेवला. मला विचाराल तर यात द्वेषापेक्षा भीती जास्त होती. बंदूक चालवणारा हिंदी त्यांना चालत होता, हुकूम देणारा नको होता.

हत्यारांचीही एक गंमत सांगतो. शिपायाच्या हातात .३०३ ची ली-एनफिल्ड, दहा गोळ्यांची. सरहद्दीच्या डोंगरात तोफा सुट्या करून खेचरांवर लादायच्या आणि वर नेऊन जोडायच्या. पायात मात्र विलायती बुटापेक्षा तिथल्या पठाणांची जाड चप्पलच खडकावर टिकायची, म्हणून अधिकारीसुद्धा ती घालायला लागले. रुबाब खाली छावणीत, डोंगरात ज्याची त्याची अक्कल.

त्याच वर्षांत युरोपच्या उत्तर टोकाला फिनलंड नावाचा छोटा देश आपलं लष्कर उभं करत होता. १९१७ मध्ये तो रशियापासून सुटला. त्याचे काही अधिकारी झारच्या फौजेत शिकलेले, काही जर्मनीत, आणि त्यांचं आपसात फारसं पटत नसे. रायफली जुन्या रशियनच, फक्त नळी नवी बसवलेली. पण गणवेश त्यांनी स्वतःचा केला, करड्या रंगाचा, आणि खांद्या-कॉलरवर झारचं काही ठेवलं नाही. अधिकाऱ्याला गुलाबाचं फूल, जनरलला फिनलंडचा सिंह. आपल्याकडे मेजर झाला की खांद्यावर मुकुट चढायचा. तो लंडनच्या राजाचा.

थोरातांनी तोच मुकुट लावून बादशहाला आणि त्याच्या सेनापतींना उत्तर दिलं. जानेवारी १९४५, ब्रह्मदेशाचा आराकान किनारा, कांगॉ नावाचं ठिकाण. जपानी फौजेची माघारीची वाट तिथं तोडायची होती. ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते, आणि असं तोवर कुठंच घडलं नव्हतं. एक थिमय्या, एक एल. पी. सेन आणि २/२ पंजाबचे लेफ्टनंट कर्नल थोरात. खंदकांत घट्ट बसलेल्या जपान्यांकडून ‘मेलरोज’ नावाची टेकडी घेण्याचं काम थोरातांच्या पलटणीवर आलं. महिनाअखेरीस त्यांनी ती घेतली, संगिनी लावून, हातघाईवर येऊन. माणसं पुष्कळ गेली. तिघांही हिंदी कर्नलांना डीएसओ हे मोठं पदक मिळालं. झेपतं की नाही, हा विषय तिथं संपला.

मग फाळणी. थोरात जिथं वाढले ती १/१४ पंजाब पाकिस्तानच्या वाट्याला गेली. त्याच पलटणीत पूर्वी असलेले अयुब खान पुढे तिकडचे लष्करशहा झाले. आपल्या फौजेत १९५० मध्ये मुकुट उतरला आणि त्या जागी अशोकाचे सिंह आले. १९५३ मध्ये थोरात कोरियात गेले. मायदेशी परत जायचं नाही म्हणणाऱ्या हजारो युद्धकैद्यांना सांभाळायला भारतीय दल पाठवलं होतं, त्याचे ते प्रमुख. कैद्यांनी एकदा एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत पकडून ठेवलं. थोरात स्वतः त्या चिडलेल्या जमावात शिरले, बोलणी केली आणि आपला माणूस सोडवून आणला. या कामगिरीसाठी त्यांना जो सन्मान मिळाला त्याला आज आपण कीर्तिचक्र म्हणतो.

१९५७ ते ६१ ते लखनौहून पूर्व विभागाची सूत्रं सांभाळत होते. चीनची सरहद्द त्यांच्याच अंगावर. १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, संरक्षणाची टिपणं काढली. मार्च १९६० मध्ये ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन दाखवून दिलं की आहे त्या फौजेत, आहे त्या रस्त्यांवर चीन आला तर आपण कुठं कुठं मागं हटू. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. लष्करप्रमुख थिमय्यांनी आपल्यामागे थोरातांचं नाव सुचवलं होतं. सरकारनं थापर यांना नेमलं, आणि मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले.

पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चिनी फौजा उतरल्या. कागदावर जे लिहिलं होतं, बरंचसं तसंच घडत गेलं. तेव्हा कुठं पंडित नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतलं आणि ते टिपण वाचलं. आपल्याला हे आधी का दाखवलं नाही, असं त्यांनी विचारलं. त्यावर काय बोलायचं? थोरातांनी पुढे इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं, त्यात हा प्रसंग आहे. १९९२ मध्ये ते गेले.