याकोव पेरेलमान

याकोव इसिदोरोविच पेरेलमान (४ डिसेंबर १८८२ – १६ मार्च १९४२) हे रशियन विज्ञानलेखक, संपादक व बालवाचकांसाठी गणित आणि भौतिकशास्त्रावरील पुस्तके लिहिणारे लेखक होते. त्यांच्या नावावर कोणताही मोठा शास्त्रीय शोध नाही. तथापि लोकरंजक विज्ञानलेखनाच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन

पेरेलमान यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील बियावीस्तोक येथे झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. ते लहान असतानाच वडिलांचे निधन झाले. शिक्षिका असलेल्या आईने मुलांचे संगोपन केले. त्यांचे ज्येष्ठ बंधू पुढे ओसिप दिमोव या टोपणनावाने नाटककार म्हणून प्रसिद्धीस आले. १८९९ मध्ये उल्कावर्षावाने जगाचा अंत होणार, अशी अफवा पसरली असता शाळकरी वयाच्या पेरेलमान यांनी वृत्तपत्रात लेख लिहून त्या भीतीचे निराकरण केले. हाच त्यांचा पहिला प्रकाशित लेख होय. १९०९ मध्ये त्यांनी सेंट पीटर्सबर्ग येथील वनविद्या संस्थेतून पदवी घेतली. परंतु वनखात्याची नोकरी न स्वीकारता लेखन हाच व्यवसाय केला.

कारकीर्द

विद्यार्थिदशेपासूनच ते 'निसर्ग आणि माणसे' या सचित्र साप्ताहिकात लिहीत असत. पुढे ते त्याच्या संपादकीय कामातही सहभागी झाले. १९१३ मध्ये 'रंजक भौतिकशास्त्र' या पुस्तकाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला व त्यांना मोठी कीर्ती लाभली. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंधनविषयक समितीत काम करताना त्यांनी इंधनबचतीसाठी घड्याळाचा काटा एक तास पुढे करण्याची सूचना मांडली. क्रांतीनंतर शिक्षण खात्यात त्यांनी गणित, भौतिकशास्त्र व खगोलशास्त्राच्या नव्या अभ्यासक्रमांची आखणी केली. १९१९ पासून 'निसर्गाच्या कार्यशाळेत' या मासिकाचे संपादन केले आणि १९२०च्या दशकात लेनिनग्राडच्या 'क्रास्नाया गाझेता' या वृत्तपत्राच्या विज्ञान विभागात काम केले. अंतराळप्रवासाचा विषय त्यांनी सामान्य वाचकांपर्यंत नेला. अग्निबाणशास्त्राचे प्रणेते कॉन्स्टांटिन त्सिओल्कोव्हस्की यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता.

लेखनपद्धती

वाचकाला नवी माहिती पुरवण्यापेक्षा त्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींचा नव्याने विचार करायला लावणे, हे त्यांच्या लेखनाचे सूत्र होते. त्यासाठी ते कोडी, खेळ, घरगुती प्रयोग व लोकप्रिय कादंबऱ्यांतील प्रसंग यांचा उपयोग करीत. एच. जी. वेल्स यांचा अदृश्य माणूस खरोखरच अदृश्य झाला तर तो आंधळाच असेल, कारण पारदर्शक डोळ्यात प्रतिमा उमटणार नाही, हे त्यांनी दाखवून दिले. ज्यूल व्हर्न यांच्या तोफेतून चंद्राकडे निघालेले प्रवासी अचानक प्राप्त होणाऱ्या प्रचंड वेगामुळे तोफेच्या नळीतच चिरडले जातील, हेही त्यांनी आकडेमोडीने पटवून दिले. चूक शोधण्याच्या निमित्ताने वाचक प्रकाशाचे वक्रीभवन आणि त्वरण या संकल्पना सहज शिकत असे. बीजगणित, भूमिती व खगोलशास्त्र यांवरही त्यांनी याच धर्तीची पुस्तके लिहिली.

रंजक विज्ञान सदन

१९३५ मध्ये लेनिनग्राड येथे त्यांच्या पुढाकाराने 'रंजक विज्ञान सदन' सुरू झाले. नेहमीच्या संग्रहालयांत वस्तूंना हात लावण्यास मनाई असते. येथे मात्र मुलांनी उपकरणे स्वतः हाताळावीत अशी अपेक्षा होती. १९४१ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर हे सदन बंद पडले.

अखेरचे दिवस

जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला, तेव्हा पेरेलमान शहरातच राहिले. उपकरणांवाचून दिशा व अंतर कसे ओळखावे, याविषयी ते टेहळणी करणाऱ्या सैनिकांना आणि नौसैनिकांना व्याख्याने देत असत. एकेकाळी मुलांच्या करमणुकीसाठी मांडलेले ज्ञान आता सैनिकांच्या प्राणरक्षणासाठी उपयोगी पडत होते. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या त्यांच्या पत्नी आन्ना यांचे जानेवारी १९४२ मध्ये उपासमारीने निधन झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी पेरेलमान यांचाही त्याच कारणाने मृत्यू झाला.

वारसा

त्यांची पुस्तके अनेक भाषांत अनुवादित झाली. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाच्या स्वस्त इंग्रजी आवृत्त्यांमुळे ती महाराष्ट्रासह भारतभरच्या वाचकांपर्यंत पोहोचली. चंद्राच्या पृथ्वीवरून न दिसणाऱ्या बाजूवरील एका विवरास त्यांचे नाव देण्यात आले आहे. गणिती ग्रिगोरी पेरेलमान यांच्याशी त्यांचे नाते नव्हते. मात्र ग्रिगोरी यांना बालपणी वडिलांनी 'रंजक भौतिकशास्त्र' हेच पुस्तक दिले होते.