प्रयोगशाळा आणि कारखाना जोडणारे प्रा. गज्जर

औषधाच्या बाटलीवरील कंपनीचे नाव आपण वाचतो. पण ती कंपनी उभी करणारे लोक कोठे आणि कसे तयार झाले, याचा विचार सहसा होत नाही. अलेंबिक या जुन्या भारतीय औषध कंपनीमागे एक रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. त्यांचे नाव त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर.

गज्जरांचा जन्म १८६३ मध्ये सुरतेत सुतारकाम करणाऱ्या समाजात झाला. हत्यार आणि हस्तकौशल्य त्यांच्या घरातच होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण घेऊन ते बडोद्यात प्राध्यापक झाले. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या पाठबळावर तेथे कलाभवन सुरू झाले. रंगकामासारखे उद्योग तेथे शास्त्राच्या आधारे आणि हाताने काम करून शिकवले जात. ज्ञान देशी भाषांतून मिळावे, असा गज्जरांचा आग्रह होता.

१८९६ मध्ये ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात आले. त्याच वर्षी शहरात प्लेग पसरला. त्यांनी आयोडीन ट्रायक्लोराइड हे औषध तयार केले व त्याचा बराच गाजावाजा झाला. प्लेगवर खात्रीचा उपचार मात्र पुढे प्रतिजैविकांनीच मिळाला. तरीही साथीच्या काळात रसायनशास्त्र रुग्णाच्या खाटेपर्यंत नेण्याची त्यांची धडपड मोलाची होती. राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला फासलेले डांबर कोणालाच निघेना, तेव्हा तेही गज्जरांनीच काढले.

पुढे त्यांनी मुंबईत टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी उभारली. पदवीनंतर शिकू इच्छिणाऱ्या तरुणांना येथे पुस्तकाबाहेरचे प्रश्न मिळत. डाग कसा काढायचा, रंग कसा टिकवायचा, परदेशातून येणारा माल इथेच कसा बनवायचा? उत्तर शोधता शोधता संशोधनाची गोडी लागे. त्यांच्या तालमीत तयार झालेले कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी गुरूंच्या साथीने १९०७ मध्ये अलेंबिकचा पाया घातला. औषधी अर्क व मद्यार्क देशात बनू लागले. गज्जर १९२० मध्ये वारले. अखेरची वर्षे कोर्टकचेऱ्यांत गेली, पण शिष्यांचे काम चालू राहिले.

आज आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे. लोणी, धामणीच्या मुलांना त्यासाठी तालुका सोडावा लागत नाही. पण पदवी हातात पडली की नोकरी शोधायची, पुढचे शिक्षण म्हणजे वेळ घालवणे, असा समज घरोघरी आहे. उद्योगातील उमेदवारी केवळ प्रमाणपत्रापुरती उरली, तर हा समज बदलणार नाही. सलाइनचा पंप का अडतो, लस गावापर्यंत थंड कशी ठेवावी, शेतातील औषध फवारताना ते माणसाच्या फुप्फुसात जाऊ नये म्हणून काय करावे, असे प्रश्न विद्यार्थ्याने कामाच्या जागी पाहिले आणि ते घेऊन प्रयोगशाळेत परतला, तर पुढे शिकण्याचे कारण त्याला वेगळे सांगावे लागणार नाही. गज्जरांच्या शिष्यांच्या बाबतीत हेच घडले होते.