हसविणारा दाता : पु. ल. देशपांडे

अनाथ मुलांसाठी झोळी पुढे केली तर ती सहसा रिकामी परत येत नाही. अंधांसाठी, कुष्ठरोग्यांसाठी, पुरात घर वाहून गेलेल्यांसाठीही लोक हात सैल सोडतात. परंतु दारूड्यासाठी किंवा गर्द ओढणाऱ्या तरुणासाठी कोणी पैसे मागू लागला, की देणाऱ्याचा हात खिशातच थबकतो. त्याने आपल्या हाताने आपले वाटोळे केले, त्याला आम्ही का पोसावे, हा विचार बोलून दाखविला नाही तरी मनात असतोच. आमच्याही मनात तो अनेकदा आला आहे, हे कबूल केले पाहिजे. म्हणूनच या अंकी आम्ही अशा एका माणसाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, की ज्याचा हात अशा वेळी थबकला नाही.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे हे नाव ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. गिरगावातल्या चाळीपासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाल बाजाराच्या आसपास, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांपर्यंत त्यांची पुस्तके पोहोचली आहेत. त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. बालपण पार्ल्यात गेले. घरची श्रीमंती पैशाची नव्हती. ती पुस्तकांची आणि गाण्याची होती. त्यांच्या आईच्या वडिलांनी रवींद्रनाथांची गीतांजली मराठी अभंगांत आणली होती. तरुणपणी त्यांनी पेटी वाजविली, शिकवण्या केल्या, शाळेत व पुढे महाविद्यालयात शिकविले. १२ जून १९४६ रोजी त्यांचा सुनीताबाई ठाकूर यांच्याशी विवाह झाला. सुनीताबाई बेचाळीसच्या लढ्यात उतरलेल्या, साध्या राहणीच्या आणि हिशेबाला काटेकोर अशा होत्या. पु. लं.च्या दातृत्वाची गोष्ट त्यांच्यावाचून सांगताच येत नाही.

चित्रपट, नाटक, आकाशवाणी आणि दूरदर्शन या सर्व क्षेत्रांत पु. लं.नी काम केले. १९६१ साली त्यांनी बटाट्याची चाळ एकट्याने रंगभूमीवर उभी केली आणि नाट्यगृहे भरून वाहू लागली. पैसा आला. पैसा आला म्हणजे माणसाचे घर वाढते, गरजा वाढतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. या दांपत्याने मात्र आपल्या गरजा होत्या तेवढ्याच ठेवल्या आणि उरलेल्या पैशासाठी पु. ल. देशपांडे फाउंडेशन हा न्यास स्थापन केला. लोकांना हसवून मिळविलेला पैसा अशा रीतीने पुन्हा लोकांकडे जाऊ लागला. बाबा आमटे यांच्या आनंदवनाशी दोघांचे घरच्यासारखे नाते जडले होते. देताना ते काम पाहून देत आणि दिल्यावर त्याची वाच्यता करीत नसत.

आता १९८० नंतरच्या काळाकडे वळू. त्या वर्षांत ब्राउन शुगर, म्हणजेच गर्द, मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांतून पसरू लागली. चांगल्या घरांतली मुले तिच्या पायी घरची भांडी विकू लागली. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा झाला. पण कायदा विकणाऱ्याला पकडतो. ओढणाऱ्याला बरे कोण करणार? पुण्याचे डॉ. अनिल अवचट यांनी या मुलांमध्ये व त्यांच्या घरांमध्ये हिंडून गर्दवर लेख लिहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि अशा रुग्णांना जवळून पाहत होत्या.

ते लेख पु. ल. आणि सुनीताबाई यांच्या वाचनात आले आणि दोघे अस्वस्थ झाले. लेख वाचून हळहळणारे पुष्कळ असतात. या दोघांनी अवचटांशी संपर्क साधला आणि व्यसनी मुलांसाठी केंद्र काढा, आम्ही एक लाख रुपये देतो, असे कळविले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. केंद्राला अजून नाव नव्हते, इमारत नव्हती, एकही रुग्ण बरा करून दाखविलेला नव्हता. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. डॉ. अनिता यांनी १९९७ साली मृत्यू येईपर्यंत त्याची धुरा वाहिली. रुग्णाला कोंडायचे नाही, मारायचे नाही, त्याला माणूस म्हणून वागवायचे, ही त्यांची रीत होती. पुढे हजारो घरांतली माणसे तेथून आपल्या घरी परत गेली.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्यसनमुक्ती केंद्रांना केंद्र सरकारचे अनुदान मिळू शकते. परंतु ते मागायला नोंदलेली संस्था लागते, तपासलेले हिशेब लागतात, डोळ्यांना दिसेल असे काम लागते. म्हणजे काम उभे असेल तर अनुदान, आणि पैसा असेल तर काम! ही गाठ सोडविण्यासाठी आरंभीचा पैसा कोणीतरी नुसत्या विश्वासावर द्यावा लागतो. पु. लं.नी तो दिला. शिवाय पु. लं.सारख्या माणसाने या मुलांवर पैसे लावले, तर ती मुले अगदीच टाकाऊ नसावीत, हेही लोकांना कळले. आमच्या मते एक लाखांइतकेच याचे मोल होते.

अमेरिकेत याच्या उलट घडलेली एक हकीगत आहे. तेथील मद्यमुक्त मंडळींनी धनाढ्य जॉन रॉकफेलर (धाकटे) यांच्याकडे मोठ्या मदतीची अपेक्षा ठेविली होती. फार पैशाने हे काम बिघडेल असे वाटून त्यांनी १९३८ साली न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चच्या खजिन्यात या कामासाठी केवळ ५,००० डॉलर ठेविले. ती मंडळी पुढे बाहेरची देणगी न घेता आपसांत वर्गणी करून चालू लागली. त्यांचे काम सभांवर चालते, म्हणून त्यांना ते साधले. जेथे खाटा, औषधे, जेवण आणि परिचारिका लागतात तेथे मात्र पैसा हवाच. तरी दोन्हींचा धडा एकच, की रकमेच्या आकड्याइतकेच देणाऱ्याच्या विचाराला महत्त्व आहे.

पु. लं.ना पद्मभूषण, महाराष्ट्र भूषण असे अनेक मान मिळाले. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत मुलांसाठी जी विज्ञान शोधिका आहे, तिची इमारतही त्यांच्या न्यासाच्या देणगीतून उभी राहिली. तिचेही नाव मुक्तांगणच! १२ जून २००० रोजी, लग्नाच्या वाढदिवशीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. सुनीताबाई २००९ साली गेल्या.

आमच्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. उधळ्या पुत्राची गोष्ट आपण त्यांना शिकवितोच. परंतु तो पुत्र आपल्याच गल्लीत, दारूचा वास मारीत उभा असेल तेव्हा काय करावे, हेही शिकविले पाहिजे. आणि मंडळीच्या अर्पणाचा हिशेब मांडताना वडीलजनांनी एकदा विचार करावा, की ज्याच्यासाठी कोणीच देत नाही अशा माणसाच्या नावे आपल्या वहीत एखादी ओळ आहे काय? नसेल तर ती घालण्यास एक लाख रुपये लागत नाहीत.