डॉ. जी. एन. रामचंद्रन

बकऱ्याच्या पायांचा रस्सा थंडीत रात्रभर ठेवला, की सकाळी तो गोठलेला दिसतो. आपल्या आष्ट्यात तुम्ही हे पाहिलेच असेल. हाडांतले व कातड्यातले कोलॅजेन नावाचे प्रथिन शिजून रश्श्यात उतरते, म्हणून असे होते. या प्रथिनाची रचना शोधणारे भारतीय शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. रामचंद्रन.

त्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी एर्नाकुलम येथे झाला. वडील गणिताचे प्राध्यापक होते. रामचंद्रन बंगळूरला विद्युत अभियांत्रिकी शिकायला गेले. पण सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना पदार्थविज्ञानाकडे वळवले. पुढे ते मद्रास विद्यापीठात विभागप्रमुख झाले.

१९५४ साली त्यांनी गोपीनाथ कर्ता यांच्यासह दाखवून दिले, की कोलॅजेनमध्ये वेणीच्या पेडांसारख्या तीन साखळ्या एकमेकींत गुंफलेल्या असतात. पण इंग्लंडमधील फ्रान्सिस क्रिक व त्यांच्या सहकाऱ्याने आक्षेप घेतला: या रचनेत काही अणू एकमेकांच्या फारच जवळ येतात. मला विचाराल, तर रामचंद्रन यांची खरी परीक्षा इथेच झाली. ते नुसता वाद घालत बसले नाहीत. दोन अणू जास्तीत जास्त किती जवळ येऊ शकतात, हेच त्यांनी तपासायला घेतले.

तुमचा हात कोपरातून पुढे वळतो, मागे वळत नाही. प्रथिनाच्या साखळीचेही तसेच आहे. तिच्या प्रत्येक दुव्यापाशी वळण्याच्या दोन जागा, म्हणजे दोन कोन असतात. त्यांतील कोणत्या जोड्या शक्य आहेत? रामकृष्णन आणि शशिशेखरन या सहकाऱ्यांसह त्यांनी याचा हिशेब केला, तोही साध्या गणनयंत्रावर! १९६३ साली त्यांचा आलेख प्रसिद्ध झाला. त्यात शक्य असलेला भाग अगदी थोडा निघाला.

आज संगणक दोन प्रथिनांचे आकार फिरवून एकमेकांवर बसवतो आणि अणूंमधील अंतरे मोजतो. रक्तातील हिमोग्लोबिनची साखळी आणि स्नायूंतील मायोग्लोबिन यांच्या घड्या अशाच जुळतात. दोघांचे नाते ऑक्सिजनशी आहे. अनोळखी प्रथिनाचे काम ओळखायलाही अशी तुलना उपयोगी पडते. मात्र आकारच चुकलेला असेल, तर तुलना करून काय उपयोग? म्हणून जगभरातील प्रयोगशाळांत नवा आकार आधी रामचंद्रन आलेखावर तपासतात.

रामचंद्रन यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले.