जंगल बंद झालं तेव्हा भीम लहान होते

ढाणकी : पैनगंगा ओलांडली की हिमायतनगर, पुढे किनवट. स्वातंत्र्याआधी तो सगळा मुलूख निजामाचा, अन् नदीच्या अलीकडचं आपलं वऱ्हाड इंग्रजांचं. किनवट तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. त्याच आदिलाबादच्या जंगलात, आसिफाबादजवळ संकेपल्ली गावी १९०१ मध्ये एका गोंड घरात कुमराम भीम यांचा जन्म झाला.

तेव्हा गोंडांची शेती पोडूची. जंगलाचा तुकडा साफ करायचा, दोन-तीन वर्षं पेरायचा, मग सोडून द्यायचा, जमीन पुन्हा झाडाखाली जाते. पोरांना शाळा नव्हती, पण शिकणं होतं. मोहफुलं वेचता वेचता पोरगं शिकायचं की नवं फळ देवाला दाखवल्याबिगर तोंडात घालायचं नाही अन् जंगल कोण्या एकाचं नसतं.

मग निजामाच्या जंगल खात्यानं राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या. गावं उठवली. गुरं चारायला पट्टी, सरपणालाही पट्टी. आई-बापानं जे काम म्हणून शिकवलं तेच सरकारी कागदावर चोरी झालं. पोरानं कोणाचं ऐकावं? लाकूड तोडलं म्हणून शिपायांनी पोरांची बोटं छाटली, अशीही आठवण त्या भागात सांगतात. भीम पंधराएक वर्षांचे असताना जंगल खात्याच्या माणसांनी त्यांच्या वडिलांना मारलं.

कुटुंब सुर्दापूरला गेलं. तिथं पिकलेल्या शेतावर सिद्दीक नावाच्या माणसानं हक्क सांगितला. भांडणात तो भीम यांच्या हातून मेला अन् भीम पळाले. चंद्रपुरात एका छापखान्यात ते लिहाय-वाचायला शिकले, पुढे आसामच्या चहामळ्यात मजुरी केली, असं सांगतात.

परतल्यावर जोडेघाट, बाबेझरी धरून बारा गावांसाठी त्यांनी जल, जंगल, जमिनीचा हक्क मागितला. मागणी काही नवी नव्हती, लहानपणी शिकलेलंच होतं. निजामाशी बोलणी फिसकटली. १९४० मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात भीम अन् त्यांचे साथीदार मारले गेले. तिथं दरवर्षी कोजागिरी पौर्णिमेला त्यांची पुण्यतिथी पाळतात.

गोंड का उठले हे पाहायला निजाम सरकारनं हायमेनडॉर्फ या अभ्यासकाला बोलावलं. पुढं अनेक गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. मारलवाईला गोंड मास्तर तयार करायचं केंद्र निघालं. तिथली पुस्तकं गोंडीत होती, अक्षरं देवनागरी.