कॉर्बेट, बिबट्या आणि १९१८ची साथ

पोटदुखीची तक्रार घेऊन कुणी ओपीडीत आले की आम्ही लगेच गोळी लिहून देत नाही. कधीपासून दुखते, काय खाल्ले होते, यापूर्वी असे झाले होते का, हे आधी विचारतो. गोळी नंतर, चौकशी आधी. ही सवय अंगी बाणलेला एक माणूस डॉक्टर नव्हता, शिकारी होता. त्याची गोळी वेगळी होती. पण माणसे मारणारे जनावर टिपल्यावर तो त्याचे दात, पंजे, जुन्या जखमा तपासायचा आणि हे असे का झाले, याचे उत्तर शोधायचा. तो माणूस म्हणजे जिम कॉर्बेट.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तिथले पोस्टमास्तर. जिम पाच वर्षांचे असताना ते वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर आला. हिवाळ्यात हे कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगी गावी राही. तिथल्या जंगलात पक्ष्याच्या ओरडण्यावरून वाघाची चाहूल घ्यायला हा मुलगा शिकला. पुढे रेल्वेत नोकरी, मग बिहारमध्ये गंगेकाठी मोकामा घाटावर माल चढवण्या-उतरवण्याचा ठेका. तिथे कॉलऱ्याच्या साथी येत. कॉलऱ्याने गलितगात्र झालेल्या एका अनोळखी प्रवाशाला त्यांनी स्वतः शुश्रूषा करून वाचवले होते. साथ म्हणजे काय, हे त्यांनी कागदावर नव्हे, घाटावर पाहिले होते.

१९०७ मध्ये त्यांनी चंपावतची वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ बळी तिच्या नावावर होते. तिच्या जबड्यात उजव्या बाजूचे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. कुणाच्या तरी बंदुकीची ती जुनी जखम होती. मुक्तेश्वरच्या वाघिणीचा एक डोळा साळिंदराशी झालेल्या झटापटीत गेला होता आणि अंगात काटे रुतले होते. कॉर्बेट यांचे निदान सरळ होते. वाघ हौसेने माणसावर येत नाही. जखम किंवा म्हातारपण यामुळे नेहमीचे सावज पकडता आले नाही, की तो सोप्या सावजाकडे वळतो.

बिबट्यांचे गणित मात्र वेगळे निघाले. अल्मोडा भागातल्या पनारच्या बिबट्याने ४०० माणसे मारली होती. कॉर्बेट यांनी त्याला १९१० मध्ये संपवले. गढवालमधल्या रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत १२५ जणांचा बळी घेतला. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर अंधार पडला की दारे बंद होत. बाहेर जाण्यासाठी दार उघडायचे धाडस कुणी करत नसे.

यामागचे कॉर्बेट यांचे निदान आम्हा डॉक्टरांना विचार करायला लावणारे आहे. बिबट्या मेलेली जनावरेही खातो. डोंगराळ गावात प्रेत नदीकाठी नेऊन लाकडे रचून दहन करायचे, हे कष्टाचे काम. साथीत माणसे पटापट मरू लागली की खांदा द्यायला माणसे उरत नाहीत. मग मृताच्या तोंडात निखारा ठेवून विधी उरकायचा आणि प्रेत दरीत लोटायचे, अशी वेळ येई. बिबट्याला आयते अन्न मिळे आणि माणसाच्या मांसाची ओळख होई. साथ ओसरली की हे अन्न बंद होई आणि तो जिवंत माणसाकडे वळे. पनारच्या बिबट्याआधी कॉलऱ्याची मोठी साथ होती, रुद्रप्रयागच्या वेळी १९१८चा इन्फ्लुएंझा होता, अशी सांगड त्यांनी घातली.

तारखा जुळवताना एक गोष्ट मला खटकते. रुद्रप्रयागच्या बिबट्याचा नोंदलेला पहिला बळी ९ जून १९१८चा, बेंजी गावातला. इन्फ्लुएंझा मुंबई बंदरात उतरला तोच मुळी जूनच्या सुमारास, आणि त्याची खरी जीवघेणी लाट आली त्या वर्षीच्या पावसाळ्याअखेरीस. म्हणजे पहिल्या बळीचे कारण ही साथ नसावी. पण देशात एक कोटीहून अधिक माणसे नेणाऱ्या त्या लाटेने बिबट्याची नुकतीच लागलेली सवय पक्की केली असेल, हे पटण्यासारखे आहे. आणि त्या गावकऱ्यांना बेफिकीर म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. २०२१च्या दुसऱ्या लाटेत स्मशानाबाहेरच्या रांगा आपण पाहिल्या आहेत. शवागारात जागा नसताना नातेवाइकांना काय सांगायचे, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

या बिबट्याला मारण्यासाठी सगळे उपाय झाले. बक्षीस लागले, सापळे लावले, त्याने अर्धवट खाल्लेल्या सावजात विष पेरले. विष खाऊनही तो जगला. १९२५ मध्ये कॉर्बेट आले, दहा आठवडे झटले आणि थकून परतले. पुढच्या वर्षी पुन्हा आले. अखेर गुलाबराईच्या धर्मशाळेजवळ, यात्रेच्या वाटेवर, त्यांनी आंब्याच्या झाडावर मचाण बांधले. खाली गळ्यात घंटा बांधलेली बकरी. दहा रात्री तशाच गेल्या.

रात्री आमिषावर बसणे ही नुसती नेमबाजी नसते, तो शरीराशी झगडा असतो. मंद उजेडात पाहणाऱ्या आपल्या डोळ्यांतल्या पेशी पूर्ण जाग्या व्हायला अर्धा तास लागतो आणि एक काडी पेटली तरी ती तयारी वाया जाते. बिबट्याच्या डोळ्यामागे उजेड परत फेकणारा पडदा असतो, म्हणून आपल्याला काळोख वाटतो तिथे त्याला वाट दिसते. माणसाच्या हाती उरतात कान. डाव्या आणि उजव्या कानाला आवाज पोचण्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक असतो. तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो.

२ मे १९२६, अकरावी रात्र. बकरीची घंटा जोरात वाजली. कॉर्बेट यांनी रायफलला लावलेल्या टॉर्चचे बटण दाबले, क्षणभर बिबट्याचा खांदा दिसला, गोळी सुटली आणि टॉर्च विझला. खाली काय झाले हे कळायला बराच वेळ अंधारात बसून राहावे लागले. बकरी जिवंत होती. सकाळी सापडला तो एक म्हातारा नर. दात झिजलेले, एक सुळा तुटलेला, मिशा नाहीत, मागच्या पायाचे एक बोट जुन्या गोळीने उडालेले. आठ वर्षे ज्याला लोक भूत समजत होते, तो एक वयस्क प्राणी होता.

या धंद्याची किंमत कॉर्बेट यांच्या शरीराने मोजली. त्यांच्या कानाजवळ दुसऱ्या कुणाची तरी रायफल उडाली आणि पडदा फाटला. १९२९ मध्ये तल्ला देसच्या वाघिणीमागे फिरताना त्या कानात गळू झाले. चेहरा, मान सुजली, एक डोळा मिटला. एका रात्री झाडावर असतानाच गळू फुटले. आज असा रुग्ण आला तर आम्ही त्याला तातडीने भरती करू, कारण कानातला पू मेंदूपर्यंत पोचू शकतो. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. फ्लेमिंग यांना पेनिसिलिनची बुरशी आदल्याच वर्षी दिसली होती. कॉर्बेट वाचले, हे नशीब.

पुढे बंदुकीपेक्षा कॅमेरा त्यांना प्रिय झाला. भारतातले पहिले राष्ट्रीय उद्यान १९३६ मध्ये कुमाऊँच्या पायथ्याशी झाले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता; आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. दुसऱ्या महायुद्धात साठी उलटल्यावरही त्यांनी सैनिकांना जंगलाचे धडे दिले. त्याच काळात गोचिडीपासून होणाऱ्या टायफसने त्यांना अंथरुणाला खिळवले. पावसाळ्यानंतर आपल्याकडे दिसणारा स्क्रब टायफस त्याच कुळातला. १९४४ मध्ये त्यांचे नरभक्षकांवरचे पहिले प्रसिद्ध पुस्तक आले. १९४७ अखेर बहीण मॅगीसह ते केनियात गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी हृदयविकाराने न्येरी येथे वारले.

रुद्रप्रयागच्या गोष्टीत आपल्याला आठवते ती मचाणाखालची बकरी. पण कॉर्बेट यांचे निदान मानले, तर पहिले आमिष साथीने दरीत टाकले होते. असे आमिष आपणही टाकत असतो. गावाबाहेर फेकलेले मेलेले जनावर, कोंबडीच्या दुकानाचा कचरा, हॉटेलचे खरकटे यांवर भटकी कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचाच वाटा सर्वांत मोठा निघाला. याच कुत्र्यांमुळे आमच्या रुग्णालयात रोज सकाळी रेबीजच्या लसीसाठी रांग लागते. कुत्रा चावला तर जखम १५ मिनिटे साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या, हे सांगणे माझे काम. पण त्या रांगेवरचा खरा इलाज रुग्णालयात नाही, तो गावच्या उकिरड्यावर आहे. बिबट्या शिवारात दिसला की पिंजरा मागण्याआधी तिथे एक चक्कर मारून यावी.